नाव सायबाचं, पत्रही सायबाचंच

गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस झेवियरवरून, म्हणजे सोळाव्या शतकातल्या ज्या जेझुइट (एका कॅथलिक पंथाच्या) मिशनऱ्याला लोक 'सायब' म्हणतात त्याच्यावरून, जो वाद चालतो तो मी गेली कित्येक वर्षं वाचतोय, ऐकतोय, घरच्या ग्रुपवर भांडतोयही, आणि दर वेळी हेच वाटतं की दोन्ही बाजू एकमेकांशी बोलतच नाहीयेत. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तर कळस झाला. जुन्या गोव्यात जपलेल्या त्याच्या शवाचं जाहीर प्रदर्शन दीड-दोन महिन्यांवर आलेलं असताना एका नेत्याने शवाची डीएनए टेस्ट करा अशी मागणी केली, मडगावात लोक रस्त्यावर उतरले, आणि मग नेहमीचं सुरू झालं. एकीकडून "ज्याने इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) आणलं त्याच्या नावाची कॉलेजं, शाळा, रस्ते आपल्याकडे कशाला हवेत, सगळी नावं बदला", दुसरीकडून "असं काही घडलंच नाही, पत्र वगैरे सगळं द्वेषाने रचलेलं आहे". माझं मत आधीच सांगून टाकतो. झेवियरचं नाव जिथे आहे तिथे राहू द्यावं, आणि त्याच नावाच्या शेजारी त्याचं इन्क्विझिशन मागणारं १५४६ चं पत्रही लावावं, मराठीत, कोंकणीत, मोठ्या अक्षरात, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल असं. नाव काढा म्हणणारे आणि पत्र लपवा म्हणणारे या दोघांनाही अर्धाच माणूस हवाय, फक्त अर्धा कुठला यावर त्यांचं जमत नाही.

हे मी बाहेरून बघून बोलत नाही. आमची कुलदेवता शांतादुर्गा. आज सगळे तिला कवळ्याची म्हणून ओळखतात, पण ती मूळची केळोशीची. १५६० च्या दशकात साष्टीतली (दक्षिण गोव्यातली) देवळं पाडली गेली तेव्हा लोकांनी देवी उचलली आणि पोर्तुगीज हद्दीबाहेर, अंत्रूजात, म्हणजे फोंड्याकडे नेली. मंगेशी कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. आमच्यासारखी शेकडो घरं त्याच धक्क्याने इकडेतिकडे पांगली, कोणी मालवणात, कोणी कारवारात, कोणी पार खाली मंगळूरला. लहानपणी आजी कवळ्याला नमस्कार करून झाला की समुद्राच्या दिशेला तोंड करून परत एक नमस्कार करायची, तो केळोशीच्या जागेला. त्यामुळे "जुनं उकरून काढू नका" असं मला कोणी सांगितलं की राग येतो. आमच्या घरात ते कधी पुरलंच गेलं नव्हतं. आणि याच घरातला मी मुंबईत जाऊन सेंट झेवियर्समध्ये शिकलो. अ‍ॅडमिशनच्या दिवशी आजीने फक्त एवढंच विचारलं होतं, "शिकवतात बरं ना?"

आता नाव काढा म्हणणाऱ्यांचं जे खरं आहे ते पूर्ण मान्य करू, अर्धवट नको. झेवियर ६ मे १५४२ ला गोव्यात उतरला आणि १५५२ मध्ये चीनच्या दारात एका बेटावर वारला. मधल्या दहा वर्षांत तो बहुतेक काळ गोव्याबाहेरच होता, पण त्याने काय लिहिलं ते कागदावर आहे. १६ मे १५४६ ला आजच्या इंडोनेशियातल्या अंबोन बेटावरून त्याने पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहिलं आणि त्यात इन्क्विझिशन इकडे आणा अशी स्पष्ट मागणी केली. त्याआधी जानेवारी १५४५ मध्ये कोचीनहून रोमच्या सोबत्यांना पाठवलेल्या पत्रात त्रावणकोर किनाऱ्यावर बाप्तिस्मा झाल्यावर देवळं आणि मूर्ती फोडायला लावतो आणि ते बघून मनाला किती समाधान होतं हे त्याने आनंदाने सांगितलंय. ही पत्रं कोणी हिंदुत्ववाद्याने रचलेली नाहीत, जेझुइटांनीच जपून ठेवली, जेझुइटांनीच छापली. इन्क्विझिशन १५६० मध्ये गोव्यात आलं, मधली चारेक वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. झेवियर तेव्हा मेलेला होता हे खरं, पण मागणी त्याची होती हेही खरं. ज्या माणसाने मागणी केली तो ती पूर्ण व्हायच्या आत वारला म्हणून हात स्वच्छ, हा युक्तिवाद मला पटत नाही.

दुसरी गोष्ट आणखी टोचणारी आहे आणि मराठी माणसाला तर जास्तच. १६८३ च्या नोव्हेंबरमध्ये संभाजी महाराज जुवे बेटापर्यंत आले, जुनं गोवं अगदी हाताच्या अंतरावर होतं. तेव्हा व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर बों जेझूच्या चर्चमध्ये गेला, झेवियरची शवपेटी उघडायला लावली, आपला अधिकारदंड त्या शवाजवळ ठेवला आणि आता तूच सांभाळ म्हणून विनवणी केली. थोड्याच दिवसांत मुघल फौज कोकणात उतरली आणि महाराजांना मागे फिरावं लागलं, श्रेय मात्र संताला गेलं. गोव्याचा राखणदार ही त्याची ओळख या प्रसंगाने पक्की झाली. म्हणजे आज ज्या प्रेमाने लोक "गोंयचो सायब" म्हणतात त्या प्रेमाच्या एका टोकाला सत्ता होती आणि ती सत्ता आपल्या राजाच्या विरोधात उभी होती. हे वाचून कोणाचं रक्त तापलं तर मी त्याला वेडा म्हणणार नाही.

आणि तिसरी गोष्ट, "नावात काय आहे" हे वाक्य तर महाराष्ट्रात कोणी उच्चारूच नये. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात झाला आणि नाव प्रत्यक्ष लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत काय झालं ते आपल्याला माहिती आहे, वस्त्या जाळल्या, माणसं मारली, लाँग मार्च निघाला. नावात काहीच नसतं तर ती घरं जाळणाऱ्यांनी कशासाठी जाळली आणि त्या नावासाठी लढणाऱ्यांनी जीव कशाला दिला? नाव म्हणजे इथे कोणाचा मान आहे, या फाटकातून आत कोण ताठ मानेने जाऊ शकतो, याची जाहीर घोषणा असते. म्हणून नावांवर वाद होणं हे रिकामटेकडेपणाचं लक्षण अजिबात नाही, वाद व्हायलाच हवा, फक्त नीट व्हायला हवा.

मग मी नाव ठेवा का म्हणतो? पहिलं कारण म्हणजे हा हिशोब ज्यांच्या नावाने मागितला जातोय ते लोक नेमके कोण, हे कोणी विचारतच नाही. इन्क्विझिशनचा अधिकार मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांवर चालायचा. हिंदूंवरही खटले झाले, बंदी-हुकूम निघाले, सण-विधी बंद पाडले, ते सगळं आहेच, पण त्या कोठड्यांत खितपत पडलेल्यांत मोठा भरणा होता तो नव्याने ख्रिस्ती झालेल्यांचा. कोणाच्या घरात तुळस सापडली, कोणी गुपचूप जुन्या देवाला नारळ ठेवला, कोणी लग्नात जुनी गाणी म्हटली. म्हणजे त्या छळाचे सगळ्यात थेट वारस कोण? आजचे गोव्यातले ख्रिस्ती. ज्यांच्या पणजोबांच्या पणजोबांना त्या कोठड्यांत ओढून नेलं त्यांचीच लेकरं आज ३ डिसेंबरला फेस्ताला जुन्या गोव्यात जातात. आपण त्यांच्या वतीने त्यांच्याच संताचं नाव पुसायला निघालोय आणि त्यांना विचारायचं कोणाच्या डोक्यातही येत नाही.

२०१४ च्या प्रदर्शनाला मी गेलो होतो, मुद्दाम, बघायचं होतं म्हणून. रांग प्रचंड. बाहेर मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं विकायला मांडलेली होती, जो अवयव दुखतो तो विकत घ्यायचा आणि अर्पण करायचा. माझ्या पुढे सावंतवाडीकडच्या एक काकू होत्या, कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, हातात मेणाचा पाय. मुलाच्या पायाचं ऑपरेशन होतं म्हणाल्या. मी जरा भोचकपणे विचारलं, काकू तुम्ही हिंदू ना? त्या म्हणाल्या, "हो तर, आमची भराडी आहेच, पण पायाचं सायबाला सांगायचं असतं." बस. यात इतिहासाचं अज्ञान किती आणि श्रद्धा किती हे मी मोजू शकत नाही, पण त्या काकूंच्या हातातला तो मेणाचा पाय आणि १५४६ चं पत्र या दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दलच्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. व्हाइसरॉयने ज्याच्या हवाली सत्ता केली होती त्याच्या हवाली आता सावंतवाडीची बाई मुलाचा पाय करते. सत्ता निघून गेली, १९६१ ला तर पोर्तुगीजही गेले, आणि नाव लोकांच्या हातात राहिलं. ज्याने ठेवलं त्याच्यापेक्षा जे वापरतात त्यांचं त्या नावावर जास्त चालतं असं मला वाटतं.

यावर एक उत्तर येतं आणि ते हलकं नाही. म्हणतात की हे प्रेम मुळात जबरदस्तीतून आलंय, मारणाऱ्यालाच माय-बाप मानायला लावलंय, गुलामाला साखळी आवडायला लागली म्हणून साखळी चांगली ठरत नाही. बरोबर आहे, नाही ठरत. पण हा नियम एकदा लावला की तो थांबतो कुठे? कोणाचीही श्रद्धा पंधरा-वीस पिढ्या मागे नेली की कुठेतरी राजाचा हुकूम, दुष्काळ, लालूच, भीती, विजय-पराजय हेच सापडतं. जगात असा कुठला पंथ आहे जो नुसत्या निखळ पटण्यातून वाढला? आजच्या माणसाला "तुझं प्रेम खरं नाही, ते तुझ्या खापरपणजोबावर लादलं होतं" असं सांगणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा सांगणं की तुला काय वाटतं ते तुला कळत नाही, आम्हाला कळतं. इन्क्विझिशनवालेही नेमकं हेच म्हणायचे. त्यांनाही लोकांच्या मनात खरं काय आहे ते लोकांपेक्षा जास्त कळत होतं.

याचा अर्थ चर्चच्या कुठल्याही मोठ्या माणसाचं नाव कधीच काढू नये असा नाही. कॅनडाचं उदाहरण घ्या. व्हिताल ग्रांदँ नावाचा एकोणिसाव्या शतकातला बिशप, तिथल्या मूळनिवासी मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत टाकायच्या व्यवस्थेचा मोठा पुरस्कर्ता. एडमंटनमध्ये त्याच्या नावाचं मेट्रो स्टेशन होतं आणि स्टेशनात भिंतभर चित्र, त्यात बिशप आणि मूळनिवासी बाळ कडेवर घेतलेली नन. २०२१ मध्ये कॅमलूप्सच्या निवासी शाळेच्या आवारातल्या संभाव्य दफनांची बातमी आली, देश हादरला, आणि एडमंटनने ते नाव काढलं, चित्रही झाकलं. विनिपेगमध्येही त्याच्या नावाचा मोठा रस्ता होता, २०२३ मध्ये नाव बदलून अबिनोजी मिकनाह करायचं ठरलं, ओजिब्वे भाषेत अर्थ साधारण "मुलांचा रस्ता". मला हा निर्णय शंभर टक्के योग्य वाटतो. का? कारण त्या शाळांतून वाचलेली माणसं अजून जिवंत आहेत, त्यातल्या शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या, आणि ती माणसं रोज त्या स्टेशनवर उतरून त्या चित्रासमोरून कामाला जात होती. मागणी त्यांची होती. स्टेशनही सरकारचं होतं, म्हणजे त्यांच्याही पैशाचं. त्या नावाखाली ज्यांना जगावं लागतं त्यांनीच हात वर करून सांगितलं की हे आम्हाला सोसत नाही. आणि रस्त्याचं नवं नाव कोणाच्या भाषेत ठेवलं बघा, जी भाषा त्या शाळांत बोलली की मुलांना मार पडायचा.

डब्लिनचं उदाहरण थोडं वेगळं आहे. ट्रिनिटी कॉलेजच्या लायब्ररीला १९७८ मध्ये जॉर्ज बर्कलीचं नाव दिलं होतं, तोच तो तत्त्वज्ञ, आयर्लंडच्या क्लॉइनचा बिशप. अमेरिकेत असताना त्याने माणसं विकत घेतली होती, गुलाम ठेवले होते. २०२३ मध्ये कॉलेजने बरीच चर्चा करून, कागदपत्रं तपासून, लोकांची मतं मागवून नाव काढलं, आणि पुढे तिथे कवयित्री ईवन बोलंडचं नाव आलं. पण त्याच्या स्मरणार्थ असलेली रंगीत काचेची खिडकी काढली नाही, ती माहितीसकट ठेवायची ठरलं. बर्कलीची पुस्तकंही त्याच लायब्ररीत आहेत, कोणी जाळली नाहीत. इथे मला आवडलं ते हे की संस्था कॉलेजची, निर्णयही कॉलेजचाच. बाहेरून कोणी मोर्चा घेऊन आलं नाही की सरकारने हुकूम काढला नाही. आणि खरं सांगायचं तर लायब्ररीच्या नावाला कोणी मेणाचा पाय वाहत नव्हतं, पंचेचाळीस वर्षांपूर्वी एका कमिटीने ठेवलेलं नाव दुसऱ्या कमिटीने काढलं, कोणाच्या घरातलं काही हललं नाही.

इथे हमखास प्रश्न येतो, मग औरंगाबादचं काय, उस्मानाबादचं काय, ती नावं बदलली तेव्हा कुठे होतात? प्रश्न रास्त आहे. शहराचं नाव सगळ्यांचं असतं, ते सरकारी कागदावर, रेल्वेच्या तिकिटावर, प्रत्येकाच्या आधार कार्डावर येतं, त्यामुळे ते काय असावं यावर सगळ्या शहराने भांडावं, मतं द्यावीत, कोर्टात जावं, ते सार्वजनिक भांडण आहे. शहराचं नाव बादशहा स्वतःचंच ठेवून जातो ती मालकीची खूण असते. पण झेवियरने कुठल्याही गोष्टीला स्वतःचं नाव दिलेलं नाही. मुंबईतलं कॉलेज १८६९ मध्ये जर्मन जेझुइटांनी सुरू केलं, त्यांनी त्यांच्या संताचं नाव दिलं, जसं आपण शाळेला ज्ञानेश्वर विद्यालय म्हणतो. ते त्या समाजाच्या घरातलं नाव आहे. सार्वजनिक रस्त्याला कोणाचं नाव द्यायचं हे महापालिकेने ठरवावं, दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात कोण बसावं हे ठरवायला महापालिका लागत नाही. गोव्यात ३ डिसेंबरला सरकारी सुट्टी असते, त्यावर वाद घाला, तो घालायचा हक्क आहे. पण सुट्टी, रस्ता, शाळा, चर्च, शव सगळं एकाच पिशवीत कोंबून "नाव बदला" म्हणणं म्हणजे वाद नाही, नुसता आवाज आहे.

आमच्या अंधेरीत, चकाल्याला, कार्डिनल ग्रेशस रोड आहे. व्हॅलेरियन ग्रेशस, मुंबईचे आर्चबिशप, १९५३ मध्ये कार्डिनल झालेले पहिले भारतीय. त्यांच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग बऱ्याच पाट्यांवर आणि दुकानांच्या बोर्डांवर चुकवून असं लिहिलंय की त्याचा अर्थ "कृपाळू" होतो. रिक्षावाला नुसतं "कार्डिनल" म्हणतो. दहा जणांना विचारा हा कार्डिनल कोण, नऊ जणांना सांगता येणार नाही. वसईला मात्र त्यांच्याच नावाचं हॉस्पिटल आहे, तिथे वाडवळ, आगरी, सामवेदी, परप्रांतीय, सगळ्यांची बाळं जन्माला येतात, आणि तिथे "कार्डिनलला अ‍ॅडमिट केलंय" म्हटलं की पुढचं विचारायची गरज पडत नाही. एकाच माणसाचं नाव, चकाल्याच्या पाटीवर रिकामं आणि वसईत भरलेलं. ते भरलं कशाने? आतल्या कामाने.

याच्याही पुढचं उदाहरण गिरगाव चौपाटीसमोर उभं आहे. विल्सन कॉलेज. डॉ. जॉन विल्सन, स्कॉटिश मिशनरी, १८२९ मध्ये मुंबईत आला. १८३१ मध्ये हिंदू धर्माची बाजू मांडणाऱ्या मोरभट दांडेकरांशी त्याचा जाहीर वाद झाला आणि १८३२ मध्ये त्याने हिंदू धर्माचं खंडन करणारं पुस्तक छापलं. १८३९ मध्ये दोन पारशी मुलांना बाप्तिस्मा दिला, कोर्टकचेरी झाली, सगळी मुंबई ढवळून निघाली. पुढे नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच वाटेवर होता तेव्हा बाळशास्त्री जांभेकर मध्ये पडले. त्यांनी त्या पोराला परत आणलं, शुद्ध करून जातीत घ्या म्हणून सनातन्यांशी भांडले, स्वतः बहिष्काराची धग सोसली. बघा, बाळशास्त्री मिशनऱ्यांच्या विरोधात उभे राहिले पण लढाई केली ती स्वतःच्या घराचा दरवाजा उघडा करण्यासाठी, विल्सनच्या शाळेची पाटी उखडण्यासाठी नाही. आणि पुढे याच विल्सनच्या नावाच्या कॉलेजात कोण शिकलं? पांडुरंग वामन काणे. धर्मशास्त्राचा इतिहास खंडांमागून खंड लिहिणारे, १९६३ चे भारतरत्न. ज्याने धर्माचं खंडन केलं त्याच्या नावाच्या इमारतीत शिकून एका माणसाने त्या धर्माच्या शास्त्राचा असा हिशोब मांडला की जगाला तो वाचावा लागतो. नाव पुसून मिळालं असतं का हे? झेवियर्समध्ये फादर हेरास होते, स्पॅनिश जेझुइट, १९२६ मध्ये त्यांनी तिथे भारतीय इतिहासाची संशोधन संस्था काढली, विजयनगरवर लिहिलं, सिंधू लिपीमागे आयुष्य घातलं. मी कॉलेजात असताना त्या संस्थेतल्या जुन्या मूर्ती बघत उभा राहायचो आणि केळोशीची आठवण यायची. देवळं पाडा म्हणणाऱ्याच्या नावाचं कॉलेज, आणि त्या कॉलेजात देवळांतल्या मूर्ती जपून, लेबल लावून ठेवलेल्या. मला त्या जागी कधीच परकं वाटलं नाही.

पण आता दुसऱ्या बाजूला बोलतो, कारण मला त्यांचाही तेवढाच राग आहे. जे म्हणतात की पत्र बिनमहत्त्वाचं आहे, ते त्या काळाच्या संदर्भात बघा, तेव्हा सगळेच असे होते, त्यांनी त्याच झेवियरचं दुसरं पत्र वाचावं. तेही जानेवारी १५४५ चंच, कोचीनहून पोर्तुगालमधल्या आपल्या जेझुइट सोबत्याला, सिमाओ रॉद्रिगिशला लिहिलेलं. पोर्तुगीज अधिकारी इथे येऊन काय करतात तर लॅटिनमधला "लुटणे" हा एकच धातू सगळ्या काळांत आणि सगळ्या रूपांत चालवतात, असं तो चिडून लिहितो आणि इकडे कोणाला नोकरीवर पाठवू नका म्हणून विनवतो. म्हणजे त्या काळात राहूनही त्याला अन्याय दिसत होता. लूट दिसली, मूर्ती फोडण्यातला अन्याय दिसला नाही. मग "काळ तसा होता" हे उत्तर कसं पुरेल? त्याला अर्धं दिसलं, आपण पूर्ण लिहावं. आणि खुद्द पोप जॉन पॉल दुसऱ्याने १२ मार्च २००० ला रोममध्ये सत्याच्या नावाखाली चर्चच्या माणसांनी केलेल्या जबरदस्तीबद्दल जाहीर क्षमा मागितली असताना इथल्या माणसाने "असं घडलंच नाही" म्हणून हटून बसायचं कारण काय?

नाव काढा म्हणणाऱ्यांनी जुन्या गोव्यात जाऊन एकदा त्या मोकळ्या जागेसमोर उभं राहावं जिथे इन्क्विझिशनचा वाडा होता. लोक त्याला व्हडलें घर म्हणायचे, मोठं घर, आणि त्याचं नाव घ्यायलाही घाबरायचे. १८१२ नंतर तो ओस पडला आणि पुढे पाडून टाकला, कागदपत्रांचाही मोठा भाग नष्ट झाला. आज तिथे काहीही नाही. शाळेची सहल येते, मुलं चर्च बघतात, शव बघतात, फोटो काढतात, निघून जातात. पुसून टाकल्याने कोणाचा फायदा झाला? "असं घडलंच नाही" म्हणणाऱ्यांचा. तो वाडा उभा असता, त्यातल्या कोठड्या दिसत असत्या, तर आज हा वाद दोन मिनिटांत संपला असता. उद्या झेवियरचं नाव सगळीकडून काढलं तर शंभर वर्षांनी कोणी विचारणारही नाही की हा कोण होता आणि त्याने काय मागितलं होतं.

मराठवाड्यात शेवटी जे झालं त्याला नामांतर नाही, नामविस्तार म्हणतात. जुन्या नावाला नवं नाव जोडलं. ज्यांनी सोळा वर्षं सोसलं त्यातल्या कित्येकांना ती तडजोड वाटली, अजूनही वाटते, आणि त्यांच्या वेदनेवर मी बाहेरून काही बोलणार नाही. पण विस्तार हा शब्द मला तिथून मिळाला. गोव्यात कुंकळ्ळीला तो प्रत्यक्ष बघायला मिळतो. १५८३ च्या जुलैमध्ये तिथल्या गावकऱ्यांनी चर्चसाठी जागा बघायला आलेल्या पाच जेझुइटांना ठार मारलं, त्यांच्यात रुदोल्फो आक्वाव्हिवा होता, जो आधी अकबराच्या दरबारात राहून आलेला. बदला म्हणून पोर्तुगीजांनी गावच्या गावकरांना बोलणी करायला असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि कापून काढलं. चर्चने त्या पाच जणांना १८९३ मध्ये धन्य घोषित केलं, त्यांच्या नावाने चॅपल आहे. मारल्या गेलेल्या गावकरांसाठी कितीतरी वर्षं काही नव्हतं. आता कुंकळ्ळीत त्यांचंही स्मारक आहे, दगडी, हिरवळीत, आणि जुलैमध्ये तिथे फुलं वाहायला लोक येतात. चॅपल कोणी पाडलं नाही. स्मारक उभं केलं. त्या गावातल्या कोणत्याही पोराला आज दोन्ही गोष्टी चालत जाऊन बघता येतात आणि घरी जाऊन विचारता येतं की यातला आपला कोण.

कुंकळ्ळीची देवी, शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण, तीही त्या धामधुमीत फातर्प्याला नेली होती. नाव मात्र तिने कुंकळ्ळीचंच ठेवलं. दर वर्षी शिगम्यात तिला फातर्प्याहून वाजतगाजत कुंकळ्ळीला, तिच्या मूळ जागी आणतात, बारा वांगडांच्या (घराण्यांच्या) बारा छत्र्या, गुलाल इतका की रस्ता दिसत नाही. मी एकदा गेलो होतो. छत्री नाचवत जाणाऱ्यांच्या मागे एक म्हातारा चालत होता, गुलालाने माखलेला, गळ्यात बारीकसा क्रूस. मी विचारलं, तुम्ही? म्हणाला, आमचोय वांगड आसा न्हू हांगा, आमचंही घराणं आहे ना यात. मग माझ्याही कपाळाला त्याने गुलाल लावला आणि छत्रीच्या मागे पुढे गेला.